सोडलेली विडी पुन्हा हाती आली तर...

(व्यसनमुक्तीच्या कार्याशी संबंधित अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



विडी-सिगारेट सोडण्याचा दिवस नेहमी समारंभाने साजरा होतो. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन आला की कार्यालयांतून शपथ घेतली जाते, गावोगाव प्रभातफेऱ्या निघतात, ग्रामपंचायतीच्या फलकावर घोषवाक्ये लिहिली जातात. कोणी गुढीपाडव्याचा मुहूर्त धरतो, कोणी पंढरीच्या वाटेवर विडी कायमची सोडल्याचे सोबत्यांना सांगतो, कोणी श्रावण पाळण्याच्या निमित्ताने सिगारेटचे पाकीट दूर सारतो. या निर्धारामागील भावना प्रामाणिक असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु त्यानंतर तीन दिवसांनी, तीन आठवड्यांनी किंवा तीन महिन्यांनी आणखी एक दिवस उगवतो. त्या दिवशी तोच माणूस पानटपरीच्या आडोशाला उभा राहून, रस्त्यावर ओळखीचे कोणी नाही ना याची खात्री करून घेत, पहिला झुरका घेतो. या दिवसासाठी कोणी फलक लिहीत नाही. त्या माणसाने काय करावे, त्याच्या घरच्यांनी काय बोलावे, ज्यांनी त्याला शपथ दिली त्यांनी त्याच्याशी कसे वागावे, याचा विचार आपल्या कार्यक्रमांतून फारसा होत नाही. वास्तविक व्यसनमुक्तीच्या कार्याचे यशापयश बहुतांशी याच दिवसावर अवलंबून असते. म्हणून सोडण्याच्या दिवसाविषयी न बोलता, सोडलेली विडी पुन्हा हाती आल्यानंतरच्या दिवसाविषयी बोलणे अधिक अगत्याचे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

प्रथम महाराष्ट्रापुरते चित्र पाहू. केंद्र शासनाने २०१६-१७ मध्ये केलेल्या प्रौढांच्या तंबाखू सेवनाच्या सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, तर तंबाखू-चुना, खर्रा, मावा, मशेरी अशा धूरविरहित तंबाखूचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे विडी-सिगारेटचा प्रश्न हा तंबाखूच्या मोठ्या प्रश्नाचा एक भाग आहे. ही गोष्ट पुढे पुन्हा विचारात घ्यावी लागेल.

याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा तितकाच बोलका आहे. देशातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांच्या मनात ते सोडण्याचा विचार होता. निम्म्याहून अधिक लोकांना जे नको आहे तेच ते रोज करीत असतील, तर त्यांना तंबाखूचे दुष्परिणाम ठाऊक नाहीत असे म्हणता येणार नाही. पाकिटावरील चित्रे त्यांनी पाहिली आहेत, खोकला त्यांच्या छातीत आहे, आणि घरातील बोलणीही त्यांनी ऐकली आहेत. सोडण्याची इच्छा पुष्कळांना आहे. खरी अडचण सोडल्यानंतर टिकून राहण्याची आहे.

शरीरात काय घडते?

या अडचणीचे पहिले कारण शरीरात आहे. धुराबरोबर फुप्फुसांत गेलेले निकोटिन रक्तावाटे अवघ्या दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे ते विशिष्ट ग्राहक पेशीस्थानांना चिकटते आणि क्षणभर हुशारी व समाधान वाटावे अशी रसायने मोकळी होतात. रोजच्या सेवनाने या ग्राहकस्थानांची संख्या वाढते. रक्तातील निकोटिन मात्र सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. मग वाढलेली ही स्थाने जणू मागणी करू लागतात. त्या मागणीलाच आपल्या भाषेत ‘तलफ’ असा नेमका शब्द आहे.

विडी सोडली की पहिल्या आठवड्यात ही तलफ सर्वांत तीव्र असते. चिडचिड, बेचैनी, झोपमोड, एकाग्रता न होणे, सारखे खावेसे वाटणे, मन उदास होणे ही तिची लक्षणे होत. दोन ते चार आठवड्यांत ती बहुतांशी ओसरतात. कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी पुष्कळजण पहिल्या आठ-दहा दिवसांतच पुन्हा ओढू लागतात, आणि सहा महिने ते वर्षभर टिकून राहणारे शंभरात तीन ते पाचच असतात, असे या विषयावरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या अभ्यासकांनी २००४ मध्ये दाखवून दिले.

हा आकडा निराश करण्यासाठी सांगावयाचा नाही. ज्या परीक्षेत शंभरातील पंचाण्णव विद्यार्थी अनुत्तीर्ण होतात, त्या परीक्षेतील विद्यार्थ्यांना आळशी म्हणण्याआधी कोणताही सुज्ञ शिक्षक अभ्यासक्रम आणि शिकविण्याची रीत तपासून पाहील. विडीकडे परतलेल्या माणसाच्या बाबतीतही हाच न्याय लावला पाहिजे.

इच्छाशक्ती असलेल्या माणसालाही हे व्यसन कसे जखडून ठेवते, याचे उदाहरण म्हणून मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे बोट दाखविता येईल. माणसाच्या मनाचा तळ शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या फ्रॉइड यांना १८९४ मध्ये हृदयाच्या तक्रारींमुळे त्यांच्या डॉक्टर मित्राने धूम्रपान बंद करण्यास सांगितले. त्यांनी ते बंद केले आणि पुन्हा सुरू केले. १९२३ मध्ये त्यांच्या तोंडात कर्करोग आढळला. तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरीही चिरूट सुटला नाही. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. बुद्धी, ज्ञान आणि निश्चय यांची ज्यांच्याकडे वाण नव्हती, त्यांची ही कथा आहे. तेव्हा गावातील एखाद्या कष्टकऱ्याला ‘तुझ्यात दमच नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.

घसरणे आणि परतणे

दुसरे कारण मनाच्या व्यवहारात आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट व ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. एखाद्या वेळी पाय घसरणे ही एक गोष्ट, आणि जुन्या व्यसनाकडे पूर्णपणे परतणे ही दुसरी गोष्ट. या दोहोंमध्ये काही तासांचे, कधी काही दिवसांचे अंतर असते. त्या अंतरात माणूस स्वतःशी काय बोलतो, यावर पुढचे बरेचसे ठरते.

आपल्याकडे उपवासाच्या दिवशी चुकून तोंडात काही गेले की ‘आता मोडलाच आहे, तर जेवूनच घेऊ’ असे म्हणणारे अनेकजण असतात. विडीच्या बाबतीत हीच विचारसरणी घातक ठरते. एक विडी ओढली जाते. लागलीच मनात अपराधाची भावना येते. ‘एवढी शपथ घेतली आणि शेवटी मोडलीच, आपल्याच्याने हे होणे नाही’ असा निष्कर्ष माणूस काढतो. आणि मग त्या निष्कर्षाच्या दुःखावर उतारा म्हणून दुसरी विडी पेटविली जाते. पहिल्या विडीचे कारण तलफ असते. दुसरीचे कारण पुष्कळदा लाज असते. मार्लट व गॉर्डन यांच्या विवेचनाचा गाभा हाच आहे.

शेतकऱ्याला ही गोष्ट चटकन समजेल. भर पावसात बांध एका जागी फुटला, तर ‘आता शेत गेलेच’ म्हणून कोणी घरी जाऊन झोपत नाही. तो फावडे घेऊन त्याच पावसात बांधावर जातो आणि जेथे फुटले तेथे माती-दगड टाकतो. पाऊस थांबण्याची किंवा पुढच्या हंगामाच्या मुहूर्ताची तो वाट पाहत बसत नाही. उशीर केला तर हातभर खिंडार वावभर होते, हे त्याला ठाऊक असते.

परंतु या ठिकाणी एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. घसरणे म्हणजे सर्वनाश नव्हे हे खरे; पण ती क्षुल्लक गोष्टही नव्हे. सोडल्यानंतर एखादी विडी ओढणाऱ्यांपैकी बहुतेकजण, वेळीच सावध न झाल्यास, पूर्ववत ओढू लागतात असाच अनुभव आहे. ‘दिवसाला एखादी चालेल’ ही समजूतही खोटी आहे. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालासुद्धा, रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो त्याच्या जवळजवळ निम्मा धोका पत्करावा लागतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २०१८ मध्ये पुढे आले. धोका सिगारेटच्या संख्येच्या प्रमाणात उतरत नाही. म्हणून ‘चालायचेच’ ही वृत्ती नको, आणि ‘संपले सारे’ ही वृत्तीही नको. चूक मान्य करावयाची आणि ताबडतोब दुरुस्तीला लागावयाचे, एवढाच व्यवहार्य मार्ग आहे.

पाय कोठे घसरतो?

दुरुस्ती करावयाची तर खिंडार कोठे पडले हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील संशोधक सॉल शिफमन यांनी १९८२ मध्ये, धूम्रपान सोडलेल्या व पुन्हा ओढण्याच्या उंबरठ्यावर येऊन दूरध्वनीवर मदत मागणाऱ्या लोकांच्या प्रसंगांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हे प्रसंग वाटेल तेव्हा येत नाहीत, असे त्यांना आढळले. मनावरील ताण, राग वा उदासीनता, धूम्रपान करणाऱ्यांची संगत, खाणेपिणे आणि मद्यपान यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध असतो.

आपल्या परिसरात हे प्रसंग सहज ओळखता येतात. जेवणानंतरचा पहिला पाव तास आणि सकाळचा चहा हे नित्याचे होत. रात्रीच्या वेळी वीज असते म्हणून उसाला पाणी देण्यासाठी शेतात जागणारा शेतकरी, एस. टी. स्थानकावर चुकलेल्या गाडीनंतर दुसऱ्या गाडीची वाट पाहणारा प्रवासी, मार्चअखेरच्या हिशेबात बुडालेला लिपिक, निवडणुकीच्या कामावर परगावी रात्र काढणारा शिक्षक, लग्नाच्या मांडवामागे जमलेले मित्रमंडळ, बाजारात पडलेला कांद्याचा भाव ऐकून घरी परतणारा बागायतदार, आणि स्मशानातून परतताना शेजाऱ्याने सहानुभूतीने पुढे केलेली विडी! या प्रत्येक प्रसंगी विडी ही केवळ तंबाखू नसते. ती जागरणाची सोबत असते, संभाषणाचे निमित्त असते, दुःखाच्या वेळी हाताला असलेला चाळा असतो. शरीराची तलफ महिन्याभरात ओसरली तरी या जुन्या गाठी वर्षानुवर्षे राहतात. तीन महिने न ओढलेला माणूस एका भांडणानंतर अचानक का परततो, याचे उत्तर येथे सापडते.

त्याच दिवशी करावयाच्या गोष्टी

ज्याचा पाय घसरला आहे त्याने पुढील गोष्टी त्याच दिवशी कराव्यात.

पहिली गोष्ट, उरलेले बंडल अथवा पाकीट, काडेपेटीसह, नष्ट करावे. ‘एवढे संपवून मग सोडू’ हा हिशेब काटकसरीचा वाटतो, पण तो दुसऱ्या दिवसाची सोय करून ठेवतो.

दुसरी गोष्ट, नवा मुहूर्त शोधू नये. इटालियन लेखक इतालो स्वेव्हो यांच्या १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘झेनो’ या नायकाच्या कादंबरीत, हा नायक जन्मभर ‘शेवटची सिगारेट’ ओढत राहतो. प्रत्येक विशेष तारीख त्याला सोडण्यास योग्य वाटते आणि त्या तारखेपर्यंत ओढण्यास मोकळीक मिळाल्यासारखी वाटते. आपल्याकडचा पाडवा, दसरा आणि नववर्षदिनही असाच वापरला जातो. प्रथम सोडताना तारीख ठरवून तयारी करणे उपयुक्त असते. परंतु एकदा सोडल्यानंतर पाय घसरला, तर घसरल्याची घटका हीच पुन्हा सुरुवात करण्याची घटका मानावी.

तिसरी गोष्ट, काय घडले ते चार ओळींत लिहून काढावे. वेळ कोणती होती, जागा कोणती, सोबत कोण होते, मन कसे होते, आणि विडी कोणाकडून आली. लिहिता येत नसेल तर घरातील शाळकरी मुलाकडून नव्हे, एखाद्या समवयस्काकडून लिहून घ्यावे किंवा त्याला सांगावे. या चार ओळींमुळे ‘मी दुबळा आहे’ हा मोघम समज जाऊन ‘रात्री पाणी देताना विडी जवळ होती’ ही नेमकी अडचण समोर येते. मोघम समजावर इलाज नसतो, नेमक्या अडचणीवर असतो.

चौथी गोष्ट, त्या अडचणीवर एक तरी प्रत्यक्ष व्यवस्था करावी. रात्रीच्या पाण्यासाठी जाताना भाजलेले शेंगदाणे किंवा बडीशेप व पाण्याची बाटली बरोबर न्यावी. जेवणानंतर ओसरीवर न बसता लागलीच वाड्याबाहेर फेरी मारावी. काही दिवस चहा टपरीवर न घेता कार्यालयात मागवावा. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांची असते. तेवढा वेळ हात, तोंड आणि पाय दुसरीकडे गुंतविता आले तर ती ओसरते.

पाचवी गोष्ट, एका माणसाला खरे सांगावे. साऱ्या गावाला सांगण्याची गरज नाही. पण कोणालाच न सांगता ओढलेली विडी दुसऱ्या विडीला लवकर जन्म देते.

औषधोपचाराची मदत

सहावी गोष्ट अशी की, मनाच्या निर्धाराला शास्त्राची जोड घेण्यात कमीपणा मानू नये. तलफ सौम्य करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. निकोटिनयुक्त च्युइंगगम, गोळी किंवा त्वचेवर लावावयाची पट्टी यांतून शरीराला धुराविना थोडे निकोटिन मिळते आणि मात्रा हळूहळू कमी करीत नेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या उपचाराचा अत्यावश्यक औषधांच्या सूचीत समावेश केला. व्हॅरेनिक्लिन व ब्युप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाची असतात. हृदयरोगी, गरोदर स्त्रिया व अन्य औषधे चालू असलेले रुग्ण यांनी यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये.

या गमविषयी एक व्यावहारिक सूचना उपयोगी पडेल. तो साध्या गमसारखा सतत चघळावयाचा नसतो. थोडा चावून, जिभेला झणझणी लागली की गाल व हिरडी यांमध्ये ठेवावयाचा असतो. चहा किंवा कॉफीनंतर लागलीच घेतल्यास त्याचा गुण कमी येतो. पंधरा मिनिटे थांबावे लागते. ‘गम घेऊन पाहिला, उपयोग झाला नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत दोष घेण्याच्या पद्धतीत असतो. शिवाय मध्येच एखादी सिगारेट ओढली गेली म्हणून उपचार सोडून देण्याचे कारण नाही. अशा वेळी तो चालू ठेवून पुन्हा धूरमुक्त होण्याचाच सल्ला सहसा दिला जातो.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना समुपदेशन मिळते. २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापला जात आहे. ज्या पाकिटातून मोह होतो त्याच पाकिटावर मदतीचा पत्ता आहे, याकडे अद्याप अनेकांचे लक्ष गेलेले नाही. प्रथम सोडतानाच नव्हे, तर घसरल्यानंतरही तेथे मदत मागता येते.

महाराष्ट्रातील एक विशेष धोका येथे सांगितला पाहिजे. विडी सुटावी म्हणून माणूस तंबाखू-चुना मळू लागतो, किंवा विदर्भात खर्ऱ्याकडे वळतो. ‘धूर तरी सुटला’ असे समाधान मानले जाते. राज्यातील आकडे पाहता ही वाट किती सोपी आहे हे समजते. परंतु निकोटिनची गुलामी तशीच राहते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका ओढवतो, आणि तलफ जागी असल्याने विडीही पुन्हा परतते. ई-सिगारेटचा मार्गही आपल्या देशात मोकळा नाही. २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, विक्री व जाहिरात यांवर बंदी आहे.

गेलेले दिवस वाया गेले काय?

पुन्हा ओढू लागलेल्या माणसाच्या मनाला सर्वांत मोठा घाव बसतो तो ‘चाळीस दिवस फुकट गेले’ या विचाराचा. हा हिशेब चुकीचा आहे. त्या चाळीस दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साईड उतरलेला असतो. तलफेच्या कडक आठवड्यातून आपण जिवंत बाहेर पडू शकतो, याचा अनुभव गाठी असतो. आपला पाय नेमका कोठे घसरतो हेही कळलेले असते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात धूम्रपान करणाऱ्यांच्या दीर्घकालीन पाहणीवरून २०१६ मध्ये असा अंदाज मांडण्यात आला की, कायमचे सोडण्यापूर्वी अनेकांना तीस किंवा त्याहून अधिक प्रयत्न करावे लागतात. यातील कित्येक प्रयत्न एकदोन दिवसांचेच असतात. म्हणून पहिल्या, तिसऱ्या किंवा सातव्या प्रयत्नानंतर स्वतःला पराभूत ठरविणे उतावीळपणाचे होईल.

उशीर झाला, आता सोडून काय उपयोग, असेही काहीजण म्हणतात. ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा व आयुर्मानाचा १९५१ पासून पन्नास वर्षे मागोवा घेणाऱ्या रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होते; साठाव्या वर्षी सोडल्यास सुमारे तीन वर्षे, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडल्यास जवळजवळ संपूर्ण दहा वर्षे परत मिळतात, असे त्यांना दिसून आले. नातवंडे खेळविण्याची तीन वर्षे ही काही थोडी कमाई नव्हे. आणि ती ज्याला मिळाली, तो पहिल्या प्रयत्नात सुटला की दहाव्या, हे त्याच्या नातवंडांना विचारावेसे वाटणार नाही.

घर, शाळा आणि पंचायत

घसरलेल्या माणसाभोवती जी माणसे असतात त्यांची जबाबदारी मोठी आहे. घरात विडीचा वास आला की ‘तरी मी म्हणतच होते’ हे शब्द सहज निघतात. ज्या पत्नीने अनेक वर्षे धूर आणि खर्च दोन्ही सोसले, तिचा संताप समजण्याजोगा आहे. पण त्या शब्दांनंतर माणूस घरात ओढणे बंद करतो आणि गोठ्यामागे ओढू लागतो, एवढाच फरक पडतो. ‘आज काय झाले?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, कारण त्याचे उत्तर देताना माणसाला प्रसंग आठवावा लागतो.

शाळांतून मुलांना वडिलांची तंबाखू सोडविण्यास सांगितले जाते. मुलांच्या शब्दाला बळ असते, यात संशय नाही. परंतु वडिलांवर नजर ठेवण्याचे व वर्गात त्याची वार्ता देण्याचे काम मुलांवर सोपवू नये. ज्याच्या वडिलांनी पुन्हा विडी धरली, त्या मुलाने इतरांसमोर मान खाली घालावी, हे कोणत्याही शाळेला शोभणारे नाही. ‘सोडणे अवघड असते, पुन्हा प्रयत्न करावा लागतो’ एवढे मुलांना सांगितले, तर घरी जाऊन ती वडिलांना धीर देतील.

शिक्षक व कर्मचारी यांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. शाळा किंवा कार्यालय तंबाखूमुक्त म्हणून जाहीर झाले, आणि शपथ घेतलेल्या एखाद्या शिक्षकाचा पाय घसरला, तर तो मदत कोणाकडे मागणार? मागितली तर नाव जाते आणि संस्थेच्या प्रमाणपत्रालाही बाधा येईल अशी भीती असते. मग सारेच गप्प बसतात. नियम अर्थातच पाळले गेले पाहिजेत. २००३ च्या केंद्रीय कायद्यान्वये आणि २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांन्वये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई असून २०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शैक्षणिक संस्थांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही, अठरा वर्षांखालील मुलांना तर कोठेच नाही. या तरतुदींची कसून अंमलबजावणी करणे पंचायतीच्या हाती आहे, आणि त्याचा लाभ सोडलेल्या माणसालाही होतो. शाळेसमोरची टपरी हटली, तर त्याच्याही मार्गातील एक खड्डा बुजतो. परंतु दंड हा सार्वजनिक जागी ओढण्याबद्दल आहे. सोडण्याचा प्रयत्न फसल्याबद्दल कायद्यात कोणतीही शिक्षा नाही, आणि समाजानेही ती देऊ नये.

दुसऱ्या भेटीचे महत्त्व

अधिकारी व पंचायत सदस्य यांनी लक्षात ठेवण्याजोगा आणखी एक प्रयोग आहे. लंडनमधील मायकेल रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सामान्य डॉक्टरांच्या दवाखान्यांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या रुग्णांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यापैकी वर्षअखेर धूम्रपानमुक्त राहिलेले ०.३ टक्के होते. ज्यांना डॉक्टरांनी एकदोन मिनिटे स्पष्ट सल्ला दिला, एक पत्रक दिले आणि ‘पुढे आपली चौकशी केली जाईल’ असे सांगितले, त्यांच्यात हे प्रमाण ५.१ टक्के झाले. आकडा लहान दिसतो; परंतु त्यासाठी लागलेला खर्च आणि वेळ त्याहून लहान आहे. यात उल्लेखनीय अशी गोष्ट म्हणजे चौकशीची पूर्वसूचना. आपल्याला पुन्हा कोणीतरी विचारणार आहे, एवढी जाणीवही माणसाला धरून ठेवण्यास मदत करते.

आपल्याकडील शपथविधी बहुधा एका दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपतात. अहवालात ‘इतक्या ग्रामस्थांनी शपथ घेतली’ अशी नोंद होते आणि नस्ती बंद होते. तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात त्या ग्रामस्थांची विचारपूस करण्याची जबाबदारी आशा कार्यकर्ती, आरोग्यसेवक, शिक्षक किंवा वॉर्डातील पंचायत सदस्य यांच्यापैकी कोणा एकाने घेतली, तर त्यास वेगळा निधी लागणार नाही. मात्र विचारपूस गुप्तपणे व आपुलकीने व्हावी. चावडीवर नावे वाचून दाखविली, तर पुढच्या वर्षी शपथेला कोणी येणार नाही.

या कामासाठी जी नोंदवही ठेवली जाईल तिच्यात ‘सोडले’ आणि ‘सोडले नाही’ असे दोनच रकाने असू नयेत. ‘पुन्हा सुरू केले, पुन्हा सोडले’ असा तिसरा रकाना अवश्य ठेवावा. तो नसेल तर घसरलेला माणूस एक तर खोटे बोलेल किंवा अपयशाच्या रकान्यात कायमचा जाऊन पडेल. तो असेल, तर त्या रकान्यातील नावे पुढच्या भेटीत प्रथम घ्यावीत, कारण मदतीची सर्वाधिक गरज त्यांना असते आणि सोडण्याचा अनुभवही त्यांच्याच गाठी असतो.

गावातील असा एक माणूस प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येईल. गेल्या शपथेच्या वेळी तो पुढच्या रांगेत होता, आणि हल्ली तो समोरून आल्यावर वाट बदलतो. येत्या ३१ मेच्या सभेची सूचना काढण्यापूर्वी त्याच्या घरी जावे, शपथेचा विषय न काढता त्याच्याशी बोलावे, आणि तो पुन्हा सुरुवात करण्यास तयार असेल तर ती त्याच दिवशी करण्यास त्याला साहाय्य करावे.